डाउनहिलची (डोंगर उतरायच्या सायकलची) फ्रेम: जड पण टिकाऊ, की हलकी?

घाटवेडा:
रविवारी यवतेश्वरवरून उतरून घरी आलो, सायकल धुवायला काढली, तर हेडट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) वेल्डखाली केसाएवढी रेघ. चिखल असेल म्हणून नख फिरवलं, नख अडकलं. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, चार पावसाळे झाले, हलकी म्हणून मुद्दाम घेतलेली! आता किलोभर जड चालेल, पण जाड नळीचीच घेणार. उतरायलाच तर घ्यायची आहे. काय म्हणता?

कंदीपेढा:
वर कसे जाता ते शिताफीने गाळलंत. युरोपात सतरा किलोची सायकल लिफ्टला अडकवतात नि आपण बसून वर जातात. अजिंक्यताऱ्यावर आमची लिफ्ट म्हणजे आमचाच खांदा. पायवाटेच्या शेवटच्या टप्प्यात एक किलो म्हणजे काय ते मानेला विचारा. दमलेला माणूस उतरताना चुकतो, मग फ्रेम शाबूत आणि कॉलरबोन प्लास्टरात.

घाटवेडा:
टेम्पोने जातो, खोटं कशाला बोलू. चौघांत भाडं परवडतं. आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रियात लिओगांगच्या डाउनहिल वर्ल्ड कपला अमेरिकेच्या आरोन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली, तरी गडी पहिला आला. पेडल न मारता! मग हलकेपणाचं एवढं कौतुक कशाला?

कंदीपेढा:
चेन तुटली होती हो, सायकल जड नव्हती झाली. तो जिंकला वळणांत वेग राखून. काहीही जोडता राव.

फिटर_एमआयडीसी:
ग्विनला सोडा, त्या रेघेचं बघा. ती सायकल आजपासून भिंतीला. स्टीलला ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी चालतो. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक दणका, अगदी बारीकसुद्धा, खात्यावर चढत जातो. नळी जाड असली की त्याच दणक्याचा ताण कमी पडतो आणि आयुष्य वाढतं, एवढ्यापुरते तुम्ही बरोबर.

"आर्गन वेल्डिंग मारून देतो" म्हणणारे भेटतील, ऐकू नका. ६०६१ टी६ या फ्रेमच्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद उष्णताप्रक्रियेतून येते. वेल्ड मारला की आजूबाजूचा भाग मऊ पडतो, पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय ती ताकद परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका पोराला मीच वेल्ड मारून दिला होता. जोड टिकला, त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर मोडली. तेव्हापासून करत नाही.

काळा_कातळ:
मग कार्बन फायबरची फ्रेम घ्या की! हलका, आणि अ‍ॅल्युमिनियमसारखा फटीगही (दणके साठून थकणं) नाही.

फिटर_एमआयडीसी:
आपल्या धारदार दगडांवर? वरून टिकलीएवढा ओरखडा, आत थर सुटलेले. नाण्याने वाजवून बघा, टणटण ऐवजी बद्द वाजलं की शंका घ्या. दुरुस्त होतो, पण करणारा हात हवा.

आणि घाटवेडा, जुन्या फ्रेमची एएसटीएम श्रेणी (सायकल कसल्या वापरासाठी आहे ते सांगणारा आकडा) पाहिली होती का? ३ म्हणजे साधारण ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या. डाउनहिलला ५ लागते.

घाटवेडा:
आत्ता बघून आलो. ३ आहे.

कंदीपेढा:
म्हणजे हलकेपणाचा दोष नव्हताच! साध्या वाटांवरच्या क्रॉस-कंट्रीची बायको करून तिला डाउनहिलला नांदवलीत.

घाटवेडा:
मान्य. पण ५ श्रेणीची जडच येणार ना?

कंदीपेढा:
घ्या जड. फक्त पहिल्या रविवारी टेम्पो नाही. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरपर्यंत ढकलत न्यायची, मी मागून येतो. पेढे माझ्याकडून.