७२ तास, चार जण, पुरवठा नाही: नाइट व्हिजन, थर्मल, रेडिओ आणि फोनच्या बॅटऱ्यांचा मेळ कसा घालायचा?

तुकडी४:

चार जणांच्या पायी तुकडीची साहित्ययादी पक्की करायची आहे. तीन दिवस, तीन रात्री, मधे कुठेही पुरवठा नाही. रात्री पारा उणे १५ पर्यंत जाईल आणि अंधार रोज साधारण १२ तास.

प्रत्येकाकडे एका ट्यूबचा नाइट व्हिजन मोनोक्युलर (एक एए), आवाज दाबणारा हेडसेट (दोन एएए), शस्त्रावर नेम धरण्याची होलोग्राफिक साइट (एक सीआर१२३ए, म्हणजे रिचार्ज न होणारा आखूड लिथियम सेल), टॉर्च (दोन सीआर१२३ए), ५ वॉटचा रेडिओ हँडसेट (७.४ व्होल्ट, २००० एमएएचचा पॅक) आणि छातीवर एटॅक ॲप (नकाशावर तुकडीतल्या प्रत्येकाची जागा दाखवणारे) असलेला अँड्रॉइड फोन आहे. दोघांकडे १८६५० (रिचार्जेबल लिथियम-आयन सेल) वर चालणारे थर्मल, म्हणजे उष्णता टिपून दाखवणारे यंत्र, आहे.

प्रत्येक वस्तूसाठी वेगळे सुटे सेल घ्यायचे, की सगळ्यांना पुरेल अशी एकच मोठी बॅटरी अंगावर बांधून तिच्यातून वायरी काढायच्या? सीआर१२३ए च्या जागी त्याच मापाचे रिचार्जेबल १६३४० चालतील का? आणि घडीचे सोलर पॅनेल घेण्यात अर्थ आहे का?

—

बिनतारी:

आधी एमएएचमध्ये (मिलीअँपिअर-अवर) मोजणे सोडा. ३.७ व्होल्टचे एमएएच आणि ७.४ व्होल्टचे एमएएच एकमेकांत मिळवता येत नाहीत. सगळे वॉट-अवरमध्ये आणा: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. मग चित्र लगेच उघडे पडते.

रेडिओ घ्या. ५ वॉट बाहेर फेकताना तो पॅकमधून १२ वॉटच्या आसपास ओढतो. बोलणे ५ टक्के, ऐकणे ५ टक्के आणि बाकी नुसते कान देणे, असे धरले तर सरासरी १ वॉट पडते. ७२ तासांना ७२ वॉट-अवर. तुमचा पॅक १४.८ वॉट-अवरचा, म्हणजे माणशी पाच पॅक. बोलणे ५ वरून १० टक्क्यांवर गेले की सरासरी दीडच्या पुढे जाते आणि पाचाचे आठ पॅक होतात. तेव्हा पहिली बचत बॅटरीत नाही, बोलण्यात आहे. जवळच्या अंतरावर १ वॉटवर बोला आणि ठराविक वेळांनाच संपर्क ठेवा.

फोन: जीपीएस चालू, स्क्रीन बहुतेक वेळ बंद, तर ०.८ वॉट धरा. ७२ तासांना ५८ वॉट-अवर. स्क्रीन सतत उजळ राहिली तर २ वॉटच्या पुढे जातो आणि हिशेब तिपटीवर पोचतो. एटॅकमध्ये स्वतःची जागा कळवण्याचे अंतर वाढवा. पायी चालणाऱ्याचे ठिकाण दर काही सेकंदांनी पाठवण्याची गरज नसते. नकाशे आधीच उतरवून घ्या आणि मोबाइल नेटवर्क नसेल तर विमान मोड लावून फक्त जीपीएस ठेवा. सिग्नल शोधत राहणारा फोन स्क्रीन बंद असतानाही उतरतो.

थर्मल: साधारण २ वॉट. ३४०० एमएएचचा एक १८६५० म्हणजे १२.२ वॉट-अवर, कागदावर सहा तास. रात्री प्रत्यक्ष चार तास वापर असेल तर तीन रात्रींना दोन सेल पुरतील असे दिसते, थंडीत मात्र चार न्या.

हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्याच वस्तूंवर मोजून बघा. फोनसाठी केबलच्या मधे बसणारे छोटे यूएसबी मीटर लावा. रेडिओ आणि थर्मल पूर्ण चार्ज करून, खऱ्या वापरासारखे वापरून, घड्याळ लावून उतरू द्या.

आता एकच मोठी बॅटरी की सुटे सेल? माझे मत मिश्र पद्धतीकडे आहे. फोन आणि रेडिओ हे खादाड, ते मोठ्या बॅटरीवर. नाइट व्हिजन, साइट आणि हेडसेट कोणत्याही वायरीला बांधू नका. त्यांची भूक किरकोळ आहे आणि एक कनेक्टर उखडला म्हणून रात्री डोळे, कान आणि नेम एकदम जाता कामा नयेत.

छातीच्या संरक्षक प्लेटवर बसणारी वाकणारी कन्फॉर्मल बॅटरी साधारण १५० वॉट-अवरची असते आणि वजन १.२ किलोच्या आसपास. माणशी १३० वॉट-अवरच्या गरजेला ती बेताची पुरते. साधी पॉवर बँक घेणार असाल तर वेष्टनावरच्या आकड्याने फसू नका. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्टेज चढवताना होणारी घट धरली की बाहेर ६० ते ६५ मिळतात. ५००० एमएएचचा फोन त्यावर जेमतेम तीनदा पूर्ण भरेल.

एक खोच: बऱ्याच पॉवर बँका ५० ते १०० मिलीअँपिअरच्या खाली प्रवाह गेला की 'काही जोडलेले नाही' असे समजून आपोआप बंद होतात. छोटी वस्तू रात्रभर जोडून ठेवली आणि सकाळी रिकामी सापडली, तर दोष बहुधा हाच. कमी प्रवाहाचा वेगळा मोड असलेलीच घ्या.

—

खटका:

१६३४० चा विचार सोडून द्या. माप तेच आहे, व्होल्टेज नाही. सीआर१२३ए ३ व्होल्टचा, १६३४० पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्टचा. तुमच्या टॉर्चमध्ये दोन एकापाठोपाठ बसतात: ६ व्होल्टच्या जागी ८.४. टॉर्चच्या हेडवर '३ ते ९ व्होल्ट' असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा प्रवाह सांभाळणारे सर्किट, जळतो. साइटमध्ये तर प्रयोगही करू नका. शिवाय १६३४० मध्ये ऊर्जा सीआर१२३ए च्या निम्म्याच्या आसपास असते, म्हणजे धोका घेऊन मिळकत कमीच.

टॉर्चपुरता चांगला उपाय म्हणजे १८६५० घेणारी बॉडी. थर्मलचे आणि टॉर्चचे सेल एक झाले की सुट्या सेलचा एक प्रकार घटतो. मात्र तीन गोष्टी तपासा. सीआर१२३ए १७ मिलिमीटर जाड असतो, १८६५० १८ मिलिमीटरहून थोडा जास्त, म्हणून जुन्या नळीत तो शिरतच नाही. संरक्षक सर्किट लावलेला १८६५० ६८ ते ७० मिलिमीटर लांब होतो. थर्मलच्या खाचेत तो अडकतो किंवा झाकण जोराने बंद करावे लागते आणि स्प्रिंग चेपते. तिसरी गोष्ट सेलचे टोक: काही हेडमध्ये उलटा सेल घातल्यास वाचावे म्हणून धन टोकाभोवती प्लास्टिकचे कडे असते, तिथे सपाट टोकाचा सेल टेकतच नाही. टॉर्च 'बिघडला' म्हणून परत येतात त्यातले कित्येक निव्वळ एवढ्यावरून.

सीआर१२३ए च ठेवणार असाल तर नियम एकच, आणि तो कडक पाळा: दोन सेलच्या वस्तूत नवा-जुना जोडू नका, दोन कंपन्यांचेही नको. कमकुवत सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो, पहिला उलटा चार्ज होऊन तापतो आणि फुटतो. बंद नळीत हा स्फोटच असतो आणि निघणाऱ्या वायूत हायड्रोजन फ्लोराइड असू शकते. जोड्या करा, दोन्ही सेलवर एकच क्रमांक लिहा, चिकटपट्टीने एकत्र बांधा आणि काढताना दोन्ही एकदम काढा.

साध्या मल्टिमीटरवर सीआर१२३ए तपासून समाधान मानू नका. त्याचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहते. अर्धा संपलेला सेलही मोकळा असताना ३ व्होल्ट दाखवतो. क्षणभर भार टाकून वाचणारा बॅटरी टेस्टर घ्या.

नाइट व्हिजन आणि हेडसेटमध्ये अल्कलाइन नको. त्याचे द्रावण पाण्यातले असते, बहुतेक कंपन्या उणे १८ ही खालची मर्यादा देतात आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून क्षमता घसरते. वर विसरलेला सेल गळला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड संपर्कपट्टी खाते. लिथियमचे एए आणि एएए घ्या: उणे ४० पर्यंत चालतात आणि एए सुमारे १५ ग्रॅमचा, अल्कलाइन २३ चा. फक्त उपकरणाच्या पुस्तिकेत लिथियम चालतो का ते बघा, कारण नवा सेल मोकळा असताना १.८ व्होल्ट दाखवतो.

—

पहाटवारा:

लिथियम एए बद्दल खटका यांच्या म्हणण्याला एक जोड. अल्कलाइन हळूहळू उतरतो, म्हणून नाइट व्हिजनमधला इशाऱ्याचा दिवा लुकलुकू लागल्यावर हाताशी वेळ असतो. लिथियमचे व्होल्टेज शेवटपर्यंत टिकते आणि मग कोसळते. दिवा लागला की काही मिनिटांत अंधार. त्यामुळे दिव्यावर विसंबू नका, घड्याळावर बदला. एका एएवर मोनोक्युलर खोलीच्या तापमानाला ४० ते ५० तास चालतो. तुमचा अंधार ३६ तासांचा. हिशेबाने एक पुरतो, तरी प्रत्येक संध्याकाळी उजेड असतानाच नवा घाला आणि काढलेला वेगळ्या खिशात ठेवा, तो हेडलॅम्पला चालेल. माणशी तीन एए, चौघांना बारा. झाकण बंद करताना ओ-रिंगवर (पाणी अडवणारे रबरी कडे) वाळूचा कण नाही ना ते बोट फिरवून बघा आणि हाताने घट्ट बसेल तेवढेच फिरवा.

सोलरबद्दल: उणे १५ च्या रात्रीनंतर सकाळी उन्हात पॅनेल उघडून पॉवर बँक लावायची, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. लिथियम-आयन सेल गारठलेला असताना वापरता येतो, पण शून्याच्या खाली चार्ज करायचा नसतो. लिथियम ऋण पट्टीच्या आत न शिरता तिच्यावर धातू म्हणून जमतो. क्षमता कायमची जाते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती राहते. चांगल्या बॅटरीत तापमान बघून चार्जिंग रोखणारे सर्किट असते, स्वस्त पॉवर बँकेत बहुधा नसते. बॅटरी अर्धा-पाऊण तास कोटाच्या आत अंगाजवळ धरा, मगच लावा.

पॅनेलकडून अपेक्षाही बेताची ठेवा. २८ वॉटचे पॅनेल सूर्याकडे नीट वळवलेले असेल तर १५ ते २० वॉट देते, चालताना पाठीवर टांगलेले त्याच्या कितीतरी कमी. एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी अख्खी ओळ बसते. शिवाय ढग सरकून गेल्यावर काही फोन मघाच्या कमी प्रवाहावरच अडकून राहतात. केबल काढून पुन्हा लावावी लागते. दिवसा चार तास एका जागी थांबणार असाल तरच न्या. तीन दिवसांच्या चालीत त्याच वजनाचे भरलेले सेल जास्त भरवशाचे.

थंडीतून गरम तंबूत शिरताना थर्मल आणि नाइट व्हिजन बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत तापमान जुळेपर्यंत उघडू नका. नाहीतर भिंगावर दव धरते आणि पुन्हा बाहेर पडलात की त्याचे बर्फ होते.

—

तुकडी४:

सर्वांचे मनापासून आभार, यादी बरीच बदलली. साइट आणि टॉर्चसाठी सीआर१२३ए, थर्मलला १८६५०, फोन-रेडिओला कन्फॉर्मल बॅटरी असे ठरवतो आहे. दोन शंका. बॅटरी छातीवर आणि रेडिओही छातीवर, तर अडथळा येईल का? आणि बॅटरीवरच्या चार्जिंगच्या दिव्यांचे काय?

—

बिनतारी:

येऊ शकतो, आणि निघण्याआधीच तपासता येतो. दूरचा, कसाबसा ऐकू येणारा सिग्नल लावा आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) उघडा. आता फोन चार्जिंगला जोडा. खरखर वाढली किंवा आवाज बुडाला तर व्होल्टेज बदलणारे सर्किट गोंगाट करते आहे. केबलच्या दोन्ही टोकांना फेराइटचे क्लिप (गोंगाट शोषणारे कडे) लावा, केबल आखूड करा, अँटेना बॅटरीच्या विरुद्ध खांद्यावर न्या. तरीही राहिली तर ऐकण्याच्या ठरलेल्या वेळी चार्जिंग काढून ठेवा. दुसऱ्या कंपनीची केबल लावूनही फरक पडतो, आधी ते करून बघा.

यूएसबी-सी चे टोक फोनमध्ये सरळ बाहेर आलेले ठेवू नका. पोटावर झोपताच वजन त्या टोकावर येते आणि फोनचे सॉकेट सैल होते. काटकोनी टोक आणि केबलचा एक छोटा वळसा पट्ट्याला बांधलेला, म्हणजे ओढ वळशावर येईल. हेल्मेटकडे जाणारी हेडसेटची वायर मात्र उलट: फांदीत अडकली की सहज सुटून यावी, मान ओढली जाऊ नये.

—

खटका:

दिवे: डोळ्यांना मंद वाटणारा निळा-हिरवा एलईडी नाइट व्हिजनमधून कंदिलासारखा दिसतो. काळी विद्युत टेप एक थर पुरत नाही, दोन लावा. मग अंधाऱ्या खोलीत सगळ्या वस्तू जोडून मोनोक्युलरमधून बघा.

त्याच वेळी फोनही बघा. चेहरा ओळखून उघडणारे काही फोन अवरक्त ठिपके फेकतात. उघड्या डोळ्याला काहीच नाही, मोनोक्युलरमधून चेहऱ्यावर उजेडाचा पट्टा. ते बंद करून पिन ठेवा. कॉलच्या वेळी चेहऱ्याचे अंतर मोजणारा सेन्सरही कित्येक फोनमध्ये असाच लुकलुकतो.

विमानाने जाणार असाल तर एक: १०० वॉट-अवरच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची आधी परवानगी लागते, १६० च्या वर प्रवासी सामानात नेताच येत नाही. तुमची १५० ची त्या मधल्या गटात येते आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. सुटे सेल हातातल्या बॅगेतच ठेवायचे, टोकांवर टेप लावून किंवा प्लास्टिकच्या डबीत.