बहुविकलांग मुलांच्या घरी शिक्षक पाठवणं ही उधळपट्टी नाही

डोंगरवाट_बाई
परवा इथे एकांनी लिहिलं की बहुविकलांग मुलांसाठी पाड्यापाड्यावर विशेष शिक्षक पाठवणं म्हणजे उधळपट्टी. एका पोरामागे अख्खा दिवस जातो, त्यापेक्षा सगळ्यांना निवासी विशेष शाळेत ठेवा. वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यात तीव्र दिव्यांग आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क मिळाला. मी नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरात हे काम करते. घरी जाऊन आम्ही बाराखडी घोकून घेत नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातपाय-मान ताब्यात नसलेल्या मुलीला आधी भिंतीच्या कोपऱ्यात गोधड्यांची टेकण देऊन बसवायचं. मान सावरायला लागली की आपल्या एका हातात भाकर, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला धरायचा. नजर जिकडे जाईल ते तिचं उत्तर. हे सगळं आईला आणि आजीला शिकवायचं, कारण रोज तिच्याजवळ त्याच असतात. न बोलणाऱ्या अशा पोरीला पावरी बोलणाऱ्या घरातून उचलून वसतिगृहात ठेवलं, तर रात्री तिचं काय दुखतंय हे कोण ओळखणार? शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची आमच्याकडच्या उतारावर चालत नाही, ती कणगीशेजारी पडून असते. माणूसच जावं लागतं.

सरळ_मुद्दा
ते मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. ताई, सगळे तुमच्यासारखे नसतात. माझ्या पुतण्याला ऐकू कमी येतं, बाकी तो झाडावर चढतो. त्याचं नाव 'गृहाधारित' यादीत घातलं आणि वर्गातली जागा गेली. भेटींच्या रजिस्टरवर वहिनीचे अंगठे आहेत, माणूस मात्र दिवाळीनंतर फिरकलेलं नाही. निवासी शाळेत निदान रोज कुणीतरी समोर असतं, चार पोरं असतात, दोन वेळचं जेवण असतं.

डोंगरवाट_बाई
तुमच्या पुतण्यावर अन्याय झाला. तो वर्गातच बसायला हवा, त्याला श्रवणयंत्र आणि पहिला बाक हवा. पण त्याचं प्रकरण आणि जिला मानही धरता येत नाही तिचं प्रकरण एकाच पोत्यात भरू नका. यादी चुकीची केली म्हणून यादीतल्या खऱ्या मुलांचा हक्क काढून घ्यायचा का?

दोनशिक्षकी
वर्गात ठेवा म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे चार वर्ग आणि दोन गुरुजी, त्यातला एक सतत बैठकीला. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालानंतर प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरलं. राज्यानं शाळांच्या समूहाला, म्हणजे केंद्राला धरून ४८६० पदं मंजूर केली. म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून एक माणूस. पठारावर तो दुचाकीवर फिरेल. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच तुटतं, तिथे तो कसा जाणार? त्यात या लोकांनी वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर दिवस काढलेत, पेट्रोल पदरचं घातलंय.

उसाचा_फड
समदे घरी शिक्षण, घरी शिक्षण करायलेत. घर असतंय कुठं? मी बीडचा. दसरा झाला की उचल घेतलेले जोडपे ऊसतोडीला फडावर जातेत, घराला कुलूप. चालतं-बोलतं लेकरू हंगामी वसतिगृहात किंवा म्हातारीपाशी राहतंय. माझ्या बहिणीचं लेकरू दिव्यांग, म्हातारीला उचलवत नाही, म्हणून संगं कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत नेलं. बाई गावात येऊन कुलूप बघून गेली असंल. अन् नाव तरी कुठं लागलंय? दोनदा शिबिराला नेलं, दोनदा हाडाचे डॉक्टर आले नाहीत. प्रमाणपत्रच नाही!

रक्तगट_सिकल
प्रमाणपत्राचं बोललात ते बरं झालं, खरा प्रश्न तोच आहे. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. सातपुड्यात आणि गडचिरोलीत हा आजार किती घरांत आहे, तिथल्या लोकांना विचारा. माझा मुलगा वेदना उठल्या की आठवडाभर अंथरुणाला असतो. तपासणीला गेलो तर म्हणे, हातपाय शाबूत आहेत, कसला दिव्यांग?

दोनशिक्षकी
पण प्रमाणपत्र नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. नाव घालून घ्या आधी.

रक्तगट_सिकल
नाव घालून पोट भरतं का? बसभाडं, मदतनीस भत्ता, उपकरणं, प्रत्येक ठिकाणी कार्डच मागतात! तुम्हाला कधी एसटीच्या तीन गाड्या बदलून आजारी पोर घेऊन जिल्ह्याला जावं लागलंय का?

दोनशिक्षकी
आवाज चढवू नका. माझी स्वतःची मुलगी कर्णबधिर आहे. कान तपासायच्या बेरा चाचणीचं यंत्र जवळपास नव्हतं म्हणून तिची शिकायची वर्षं वाया गेली. मलाही कळतं.

सरळ_मुद्दा
बघा, सगळं शेवटी कागदावरच अडतंय. ताई, तुमच्या भेटी खऱ्या आहेत हे गावाला कसं कळणार?

डोंगरवाट_बाई
भेटीची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवा. कुठल्या पाड्यावर कोण आलं, काय शिकवलं, पुढच्या वेळी कधी. मी तयार आहे. आणि कुटुंब फडावर गेलं तर नोंदवही तिकडच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे जावी, तिथल्या विशेष शिक्षकानं कोपीवर जावं. मूल ज्या गटात असेल त्या गटाचं.

सरळ_मुद्दा
ग्रामसभेत वाचणार असाल तर उधळपट्टी हा शब्द मागे घेतो. निवासी शाळेचं मत बदललेलं नाही.

उसाचा_फड
वाचा, वाचा. पण तपासणीचं शिबिर दसऱ्याच्या आत घ्या अन् हाडाचे, कानाचे, मेंदूचे समदे डॉक्टर एकाच दिवशी बसवा. नंतर गावात म्हातारे सोडून कुणी नसतंय.