‘स्त्रीराज्य’ हा शब्द नेमका कशासाठी वापरावा?
(पदविग्रह, रानवाट, मुळाक्षर आणि ओवी या टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

पदविग्रह
ग्रामपंचायतीत सगळ्या जागी बायका निवडून आल्या की बातमीत ‘महिलाराज’ छापतात. मेघालयातल्या खासी लोकांवरच्या लेखात ‘मातृसत्ता’ असते. ‘स्त्रीराज्य’ मात्र नाथांच्या कथेपुरता उरलाय. राज्यकारभार स्त्रियांच्या हाती असणं या अर्थाने तो पुन्हा वापरात आणावा, असं माझं मत आहे. ग्रीकांकडे यासाठी ‘गुनाइकोक्रातिया’ होता. स्पार्टावर टीका करताना अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की तिथली जवळपास दोन पंचमांश जमीन बायकांकडे आहे, आणि विचारतो की बायकांनी राज्य केलं काय किंवा राज्यकर्त्यांवर बायकांनी राज्य केलं काय, फरक कोणता? म्हणजे मुद्दा सत्तेचा आहे, नात्यागोत्याचा नाही. आपल्याकडे हा अर्थ सांगणारा तयार शब्द असताना सगळीकडे ‘मातृसत्ता’ का चिकटवायची?

रानवाट
पूर्ण असहमत. शब्द ऐकल्यावर मराठी माणसाला काय आठवतं ते बघा. नवनाथ भक्तिसारातल्या स्त्रीराज्यात पुरुष जगतच नाही. मारुतीच्या भुभुःकाराने गर्भ राहतात आणि त्यातल्या मुलीच तेवढ्या वाचतात. मैनाकिनी राणीकडे मच्छिंद्रनाथ अडकून पडतात आणि ‘चलो मच्छिंदर, गोरख आया’ असा मृदंगाचा बोल घुमवून गोरक्षनाथ त्यांना बाहेर काढतात. मायेत गुंतण्याची जागा, असा या शब्दाचा संस्कार आहे. तो सरपंचबाईंच्या कारभाराला लावला तर वाचणाऱ्याला मोहजाल दिसेल, कारभार दिसणार नाही.

पदविग्रह
तो संस्कार उशिराचा आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत स्त्रीराज्य हा वायव्येकडचा प्रदेश म्हणून सरळ यादीत येतो, त्यात मोह नाही की माया नाही. सातव्या शतकातल्या चिनी प्रवासी ह्युएन त्संगने हिमालयातल्या सुवर्णगोत्र या देशाबद्दल लिहिलंय: पिढ्यान्‌पिढ्या राज्य स्त्रीचं, नवऱ्याला राजा म्हणतात पण राज्यकारभारात त्याला स्थान नाही, पुरुषांकडे लढाई आणि शेती. हे स्त्रीराज्य नाही तर काय?

मुळाक्षर
तुमचा पुरावा तुमच्याच विरुद्ध जातो. महाभारताच्या शांतिपर्वात कलिंगातल्या स्वयंवराला आलेल्या राजांमध्ये ‘शृगाल’ आहे आणि त्याला ‘स्त्रीराज्याधिपती’ म्हटलंय. अधिपती पुरुष! म्हणजे तिथे हे प्रदेशाचं नाव आहे, सत्तेच्या प्रकाराचं नाही. गोची ‘राज्य’ या शब्दात आहे, कारण तो प्रदेशालाही लागतो आणि कारभारालाही. सत्तेबद्दल बोलायचं तर ‘स्त्रीसत्ता’ म्हणा, संदिग्धता संपते.

आणि ‘मातृसत्ता’ लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. वारसा कुणाच्या बाजूने जातो? लग्नानंतर जोडपं कुणाच्या घरी राहतं? आणि निर्णय कुणाचा चालतो? खासींमध्ये घर सर्वांत धाकट्या मुलीकडे, ‘का खड्डुह’कडे जातं आणि मुलं आईच्या कुळाची असतात. पण कुटुंबात मामाचा शब्द मोठा, गादीवर पुरुष सिएम (पारंपरिक राजा), त्याच्यामागे साधारणपणे बहिणीचा मुलगा, आणि पारंपरिक दरबारात बायकांना बसायला जागा नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आई, तिसऱ्याचं पुरुष. तिथे शब्द ‘मातृवंशीय’. केरळच्या नायरांची मरुमक्कत्तायम ही जुनी वारसापद्धतही तशीच होती: वंश आईकडून, पण तरवाडाचा (एकत्र घराण्याचा) कारभार सर्वांत वडीलधाऱ्या पुरुषाच्या, कारणवराच्या हाती असे.

ही सरमिसळ जुनी आहे. स्विस अभ्यासक योहान बाखोफेनने १८६१ साली आईच्या नात्याने येणारा हक्क आणि स्त्रियांची सत्ता एकाच पुस्तकात एकत्र बांधली. तेव्हापासून ती गाठ सुटलेली नाही.

रानवाट
तीन प्रश्न पटले. उलटी बाजूही धरा. भोपाळमध्ये १८१९ ते १९२६ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, एकामागून एक चार बेगमांनी कारभार पाहिला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठामपणे ‘स्त्री’. तरी मातृसत्ता म्हणता येत नाही, कारण भोवतालचा समाज पुरुषप्रधानच होता. अहिल्याबाईंचं तेच. इथे तुमचा ‘स्त्रीसत्ता’ही जड होतो. ‘बेगमांचा कारभार’, ‘अहिल्याबाईंची राजवट’ एवढं पुरतं. एक बाई गादीवर आहे म्हणून व्यवस्थेचं नाव बदलू नये.

ओवी
‘राष्ट्री’ कुणी घेतलाच नाही? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाक्, म्हणजे वाणीची देवता, म्हणते, ‘अहं राष्ट्री संगमनी वसूनाम्’ (मी राष्ट्री, संपत्ती एकत्र आणणारी). विचारवंत शरद पाटील यांनी या शब्दावर स्त्रियांच्या आद्य सत्तेची मांडणी केली आहे. दुर्मिळ शब्दच हवा असेल तर याहून दुर्मिळ मराठीत सापडणार नाही.

मुळाक्षर
मांडणी मोलाची आहे, पण राष्ट्री म्हणजे सत्ता चालवणारी ती. ते पद झालं, व्यवस्था नव्हे. शिवाय बातमीत वाचणारा ‘राष्ट्र’चं काहीतरी समजून पुढे जाईल.

‘महिलाराज’चं मात्र लगेच काही करायला हवं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. ग्रामनिधीच्या धनादेशावर सरपंचबाईंची सही ग्रामपंचायत अधिकाऱ्याबरोबर (पूर्वीचा ग्रामसेवक) लागते, पण बैठकीत खुर्चीवर सरपंचपती बसलेला असेल तर ते ‘महिलाराज’ नाही. बातमीदाराने इतिवृत्त बघावं: ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, चर्चेत कुणाची नावं.

पदविग्रह
‘सत्ता’ आणि ‘राज्य’ वेगळे ठेवायला हवेत, हे मान्य. प्रदेशाला आणि पुराणकथेला ‘स्त्रीराज्य’, कारभाराला ‘स्त्रीसत्ता’. पण सुवर्णगोत्रासाठी मी ‘स्त्रीराज्य’च लिहीन, तिथे प्रदेश आणि कारभार दोन्ही तिचेच होते. आणि लिहिताना ‘स्त्रि’ ऱ्हस्व नको. मूळ संस्कृत शब्द दीर्घ ईकारान्त आहे, समासातही तो दीर्घच राहतो.