मानवशास्त्रात पीएचडी : गोव्यात राहून जमेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी काणकोणची. समाजशास्त्रात एमए झालंय, आता मानवशास्त्रात पीएचडी करायचा विचार पक्का होतोय. विषय डोक्यात आहे: वेळीप या आमच्याकडच्या आदिवासी समाजातला धालो (बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव) आणि मांड (तो जिथे खेळतात ती पवित्र जागा). पौषात बायका मांडावर धालो खेळतात, तेव्हा मांडावर कुणाचा मान, कोण आधी गातं, सासरी गेलेल्या लेकी कुठल्या ओळीत उभ्या राहतात, हे सगळं ठरलेलं असतं. ते कसं ठरतं, तेच मला शोधायचंय.

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) पीएचडीसाठीची 2022 ची नियमावली वाचलीय. एमएला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 5 टक्के सूट), 12 ते 16 क्रेडिटचं कोर्सवर्क (म्हणजे संशोधनाआधीचा वर्गातला अभ्यास), किमान 3 आणि कमाल 6 वर्षं. इथपर्यंत ठीक. प्रश्न पुढचे आहेत.

समाजशास्त्राच्या पदवीवर मानवशास्त्राला प्रवेश मिळतो का? की समाजशास्त्रातच नोंदणी करून मानवशास्त्रीय विषय घ्यावा? पुण्याच्या विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे, पण कोर्सवर्कला तिकडे राहावं लागेल आणि पौषात मला गावात असायलाच हवं. ते जुळवता येतं का? नेट (यूजीसीची पात्रता परीक्षा) कुठल्या विषयातून दिलेली बरी?

आणखी एक. देवकार्यातल्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या तर विद्यापीठाच्या एथिक्स समितीला (संशोधनातली नैतिकता तपासणारी समिती) लोकांची लेखी संमती लागते म्हणतात. आमच्या वयस्कर बायका कागदावर अंगठा म्हटलं की उठूनच जातात. (जमिनीच्या कागदांची धास्ती, दुसरं काय!) तोंडी संमती रेकॉर्ड केली तर चालते का?

ज्यांनी स्वतः फील्डवर्क केलंय त्यांनी कृपया सांगा. ‘गाईडला विचार’ सोडून काहीही चालेल, गाईडच अजून मिळायचाय.