घरात थाटलेलं कलासंग्रहालय कोल्हापुरात कुठलं बघावं?

साताऱ्याची_सून: नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर अहमदाबादला गेलो होतो, तिथे शाहीबागेत कस्तुरभाई लालभाई म्युझियम बघितलं, म्हणजे गिरणीमालक लालभाई कुटुंबाचा जुना बंगलाच आहे तो आणि आत लघुचित्रं, टागोर घराण्याकडून आलेला संग्रह वगैरे. मोठ्या म्युझियममध्ये तासाभरात डोकं भणाणतं, तिथे तसं झालंच नाही, माणसाच्या राहत्या घरात चित्रं बघायला फार छान वाटलं. पुढच्या महिन्यात सासऱ्यांना घेऊन कोल्हापूरला येतोय. अंबाबाई आणि न्यू पॅलेस ठरलेलंच आहे. असं घरातलं छोटं म्युझियम तुमच्याकडे आहे का? सासऱ्यांना जुन्या मराठी पिक्चरचं भयंकर वेड, आणि लेक आठवीत आहे, चित्रकलेची परीक्षा देतेय.

रंकाळाकाठ: ताई, मग डोळे झाकून राजारामपुरीत जावा, सातवी गल्ली, चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. व्यापाऱ्याचा वाडा नव्हे, कलावंताचं स्वतःचं घर, नाव ‘निसर्ग’. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’ पिक्चरमधले शिवाजी महाराज म्हणजे हेच चंद्रकांत, सूर्यकांत त्यांचे धाकटे भाऊ, सासऱ्यांना सांगायला नकोच. पण आमच्या गावाला ते चित्रकार म्हणून तेवढेच जवळचे. हयातीतच घर आणि चित्रं सरकारला देऊन टाकली, २००१ साली गेले. आपल्या आयुष्याची कमाई अशी गावाच्या हवाली करायला काळीज लागतं, मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

पेठेतला_पेंटर: वरच्या भावाशी सहमत. लेकीला मुद्दाम पावडर शेडिंगची चित्रं दाखवा, मांडरेंची खासियत तीच. कोरडी रंगपूड कागदावर घासत घासत छटा चढवत न्यायची, त्यामुळं जवळ गेलं तरी ब्रशचा फटकारा दिसत नाही, उजेडातून सावलीत रंग कुठं बदलला ते बोट ठेवून सांगता येत नाही. आधी लांबून बघायचं, मग अगदी जवळून, परत मागं यायचं. आकाश आणि लांबचे डोंगर बघताना तर हे करायलाच पाहिजे. शाळेत पेन्सिल शेडिंग शिकवतात तेव्हा पोरं नुसती काळं करत सुटतात, हे एकदा बघितलं की हात किती हलका ठेवायचा ते कळतं.

साताऱ्याची_सून: वा, हे तर माहीतच नव्हतं! किती वेळ लागेल? आणि तेवढ्यासाठी अर्धा दिवस ठेवावा का?

पेठेतला_पेंटर: तास-दीड तास पुरे, पण लेक रमली तर ओढून काढू नका. उरलेल्या वेळात टाऊन हॉल करा, तिथलं म्युझियम पण जमवा. १८७० च्या दशकातली इमारत, इंग्रज वास्तुकार मेजर मांटनं आखलेली, न्यू पॅलेसही त्याच्याच हातचा. इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथं आहे, रोमशी व्यापार चालायचा त्याचा पुरावाच. आणि चित्रांच्या दालनात आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान.

रंकाळाकाठ: आबालालांचं नाव निघालं म्हणून लिहितो. मुंबईला जे. जे. कला शाळेत शिकून हा माणूस कोल्हापुरात येऊन राहिला, शाहू महाराजांचा आश्रय होता, रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा यांच्या काठाला बसून रंगवत राहिला, १९३१ ला गेला. सिनेमावाले चित्रकार बाबूराव पेंटर, मांडरे ही सगळी माणसं त्यानंच तयार केलेल्या हवेत वाढली असं मला मनापासून वाटतं. त्यामुळं ताई, क्रम असा ठेवा, सकाळी टाऊन हॉलला आबालाल, मग राजारामपुरीत मांडरे, आणि ऊन उतरलं की रंकाळ्यावर, जिथं आबालाल बसायचे तिथंच लेकीला वही घेऊन बसवा. दोघांची चित्रं डोक्यात ताजी असताना पाणी बघितलं तर ती नक्की काहीतरी वेगळं काढेल.

गंगावेस_९: एक सांगायचं राहिलं, सोमवार टाळा, सरकारी म्युझियम त्या दिवशी बंद असतात. फोटो काढायचे असतील तर आत शिरतानाच विचारून घ्या. राजारामपुरीत जेवायची सोय भरपूर आहे, सासऱ्यांना तिखट चालत नसेल तर रस्सा मागवताना पांढराच सांगा.

साताऱ्याची_सून: सगळ्यांचे खूप खूप आभार. सासऱ्यांना आत्ताच वाचून दाखवलं, ते आजच निघू म्हणतायत 😊 मंगळवारचं तिकीट काढते.