पुण्याच्या रिक्षांच्या आठवणींनी गळे काढणं पुरे झालं

पौडफाटा: ॲपच्या रिक्षांना शिव्या घालताना 'जुने रिक्षावाले कसे सचोटीचे होते' हा सूर हल्ली सारखा ऐकू येतो. कुठल्या पुण्यात होते हो हे? रात्री स्वारगेटला एसटीतून उतरलं की हातातल्या बॅगा बघून भाव ठरायचा. मीटर टाका म्हटलं की 'तिकडून रिटर्न भाडं मिळत नाही'. चुकून टाकलंच, तरी त्यावरचा आकडा म्हणजे भाडं नव्हेच. दरवाढ झालेली, मीटर जुनंच, म्हणून खिशातून नव्या दरांचं कार्ड निघायचं. घामाने चिकटलेलं प्लॅस्टिक, आणि आपल्याला हवी तीच ओळ घडीत पुसलेली. ॲपवर निदान बसायच्या आधी आकडा दिसतो.

भवानीपेठ: ते कार्ड काय रिक्षावाल्याने घरी छापलं होतं? दर ठरवणार सरकार, मीटर दुरुस्तीचा खर्च त्याचा, पासिंगच्या रांगेत धंदा बुडवून उभा राहणारही तोच. बाबा आढावांनी रिक्षा पंचायत, म्हणजे रिक्षावाल्यांची संघटना, उभी केली ती हौसेने नाही. 2022 च्या सप्टेंबरात पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये ठरले. ॲप बऱ्याचदा त्याहून कमी दाखवतं, मग तो वर मागतो, तुम्ही त्याच्याशी भांडता आणि कंपनी नामानिराळी.

आणि सचोटीचं म्हणाल तर आमच्या वाड्यातली झाडून सगळी पोरं एकाच काकांच्या रिक्षातून शाळेत गेली. दप्तरं बाहेर हुकाला, दोघं काकांच्या शेजारी अर्धे लटकलेले (आज कुणी फोटो काढला तर काका आत जातील). एखाद्याच्या आईला उशीर झाला तर त्याला स्वतःच्या घरी नेऊन पोहे खायला घालायचे. हे कुठल्या ॲपमध्ये मिळतं?

पौडफाटा: काका महिन्याचे पैसे घेत होते. मी रस्त्यावर हात करणाऱ्याबद्दल बोलतोय. मुंबईत वांद्र्याच्या पुढे रिक्षाला हात करा, न बोलता मीटर पडतं. इथे आधी मुलाखत.

मनपा_ते_हडपसर: तुम्ही दोघंही रिक्षावरच अडकलात. रिक्षावाल्यांची मुजोरी पोसली ती पीएमटीने, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेने. बस वेळेवर आली असती तर 'नाही जाणार' म्हणायची कुणाची छाती होती? 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) आली, बसच्या मार्गिकेत आधी दुचाक्या घुसल्या. 2007 मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र केल्या, पीएमपीएमएल झालं. नाव लांबलं, थांब्यावरची वाट पाहणं तेवढंच राहिलं. ज्याला जमलं त्याने कर्ज काढून गाडी घेतली. मागे राहिल्या म्हाताऱ्या आणि पासवाली पोरं, त्यांच्यासाठी कोण ओरडणार?

भवानीपेठ: बसचं शंभर टक्के मान्य. पण मेट्रो आली ना? 2022 ला वनाज-गरवारे, 2024 ला स्वारगेटपर्यंत. स्टेशनातून उतरलेला माणूस घरी कशाने जातो? रिक्षानेच. प्रत्येक स्टेशनाबाहेर ठरलेल्या दराची शेअर रिक्षा लावा, रिक्षावाल्याचंही पोट भरेल.

पौडफाटा: शेअर रिक्षाला माझी ना नाही. फक्त तीन सिटा भरल्यावर निघा. 'अजून एक येऊ दे' म्हणत चौथ्याला ड्रायव्हरशेजारी कोंबणार असाल, तर मी चालत जाईन.