मदत हवी आहे: डब्ल्यूएसईटी (वाईनचा अभ्यासक्रम) लेव्हल 3, टेस्टिंगमध्ये, म्हणजे वाईन चाखून वर्णन करण्यात, ॲसिडिटी (वाईनचा आंबटपणा) कायम चुकतेय

नमस्कार मंडळी, मी दिंडोरी तालुक्यातली, घरची द्राक्षबाग आहे, बरीचशी थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, आणि तीन एकर वाईनची द्राक्षं, चेनिन ब्लांक आणि शिराझ, ती करारावर वायनरीला जातात. लेव्हल 2 गेल्या वर्षी मुंबईला जाऊन केली, 50 प्रश्न, पर्याय निवडायचे, त्यात पास झाले. आता लेव्हल 3 ची परीक्षा दीड महिन्यावर आलीय आणि टेस्टिंगला मी पार अडकलेय.

थिअरीचं तसं टेन्शन नाही. फक्त सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात बसायला वेळ लागला, आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, आणि पुस्तकातली वेल मात्र थंडीत झोपते, वर्षातून एकदाच छाटतात, तोडणी सप्टेंबरच्या आसपास. आता ते जमलंय.

पण टेस्टिंगच्या पेपरला दोन वाईन समोर ठेवतात, कोणती ते सांगत नाहीत, अर्ध्या तासात दोन्हींचं वर्णन लिहायचं, आणि थिअरीत कितीही मार्क असले तरी टेस्टिंगमध्ये वेगळे 55 टक्के लागतातच. लेव्हल 2 ला ॲसिडिटी लो, मीडियम, हाय एवढंच होतं, इथे मीडियम मायनस आणि मीडियम प्लस पण आहे. आणि मी प्रत्येक वेळी कमीच लिहिते. सरावाला सॉव्हिन्यों ब्लांक दिली, मी मीडियम लिहिलं, उत्तर हाय. मला वाटतं कैरी, चिंच, लिंबाचं लोणचं खाऊन वाढलेल्या जिभेला ते आंबट वाटतच नाही. टॅनिन उलट लगेच कळतं, कारण तुरट म्हणजे काय ते जांभूळ आणि सुपारीमुळे आपल्याला पक्कं माहीत असतं.

दुसरं वासांचं. पुस्तकात गूजबेरी लिहिलंय, डिक्शनरीत आवळा सापडला, मी आठवडाभर आवळे फोडून हुंगत बसले, मग कळलं की ते फळच वेगळं आहे, आणि आपली रसभरी, जिला केप गूजबेरी म्हणतात, ती पण ती नाही. ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर कधी बघितलेलंच नाही तर ओळखू कसं? बाहेरच्या बाटल्या महाग, सारख्या घेणं परवडत नाही.

हे सगळं कशासाठी तर, आमच्या अण्णांना मणी हातात घेतला की ब्रिक्स, म्हणजे साखर, किती असेल ते सांगता येतं, पण त्यांच्या द्राक्षाची वाईन लागते कशी हे इतक्या वर्षांत त्यांना कोणी सांगितलेलं नाही. घरात कोणी पीत नाही. मला ते नीट, खरं सांगता यायला हवंय. कुणी लेव्हल 3 केली असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, ॲसिडिटी जिभेवर आंबट लागतं का यावरून ठरवू नका, लाळेवरून ठरवा. घोट तोंडात फिरवून थुंका, तोंड किंचित उघडं ठेवून मान खाली घाला आणि लाळ किती सुटते आणि किती वेळ सुटत राहते ते बघा. साखर आंबटपणा झाकते, त्यामुळे गोडसर वाईनला तर जीभ हमखास फसते पण लाळ फसत नाही. नाशिकचीच व्हिओनिये आणि सॉव्हिन्यों ब्लांक शेजारी ठेवा, व्हिओनियेला ॲसिडिटी कमी असते, फरक दोन घोटांत कळेल, आणि ती दोन टोकं धरून बाकीच्या वाईन मधे बसवा. चार जणांनी मिळून बाटल्या घेतल्या तर खर्च पण वाटला जातो. आणि सरावाच्या आधी दोन तास लोणचं, तिखट, चहा काही नको.

वासांचं म्हणाल तर न पाहिलेली फळं सोडून द्या, आधी गट लिहायला शिका, हिरवं फळ, लिंबूवर्गीय, काळं फळ असे. मग त्या गटातलं जे खरंच येतंय ते लिहा. कॅबर्ने या रेड वाईनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो, हे दोन्ही आपल्याच स्वयंपाकघरातले, तिथून सुरू करा. परीक्षेपर्यंत रोज एकच वाईन घ्या पण पूर्ण वर्णन घड्याळ लावून लिहा.

धागाकर्ती:
खूप आभार दादा, मान खाली घालायचं हे क्लासमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी दोन्ही बाटल्या आणते आणि काय झालं ते इथेच लिहिते.